माहेरचे परदेशगमन : बालसंगोपनासाठी मागितलेला व्हिसा आणि त्याचा नकार

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, हा मराठवाड्यातील कुटुंबव्यवस्थेचा अलिखित परंतु सर्वमान्य नियम होय. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी येते. प्रसूतीनंतर सव्वा महिना शेक-शेगडी, तेल-मालिश व पथ्यपाणी आई पाहते. बाळाची टाळू भरण्यापासून त्याला पाळण्यात घालण्यापर्यंतचा भार माहेरच्या बायका उचलतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या नियमाची दिशा काही कुटुंबांपुरती उलटली आहे. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावातून शिक्षणासाठी निघालेली मुलगी पुणे किंवा हैदराबादमार्गे अमेरिकेत, जर्मनीत अथवा कॅनडात स्थिरावते. गरोदरपणी तिला माहेरी येणे जमत नाही. नोकरी तेथे, प्रसूतीचा विमा तेथला, डॉक्टर तेथले. शिवाय एकदा देशाबाहेर पडल्यावर स्वतःच्या व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागला तर परत जाणे लांबेल, ही धास्ती निराळीच. म्हणून लेक माहेरी येण्याऐवजी माहेरच लेकीकडे जाऊ लागले. आणि माहेरास तेथे जावयाचे तर व्हिसा लागतो. तो नाकारला गेला असता ती कुटुंबे काय करतात, आणि जे करतात ते कितपत उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणासाठी उमरी घेण्याचे कारण साधे आहे. मनमाड–सिकंदराबाद रेल्वेमार्गावरील हे कापसाच्या व्यापाराचे गाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, १९४८ च्या जानेवारीत, येथील बँकेवर घातलेल्या छाप्यामुळे इतिहासात त्याची नोंद झाली. अशा गावातील घराचे कागद, बोलणे आणि नातेसंबंध हे मुंबई-पुण्याच्या नोकरदार घरापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, आणि व्हिसाच्या खिडकीसमोर नेमका तोच फरक महत्त्वाचा ठरतो.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, परदेशी कुटुंबे लहान मुलांच्या संगोपनासाठी दूरदेशाहून माणूस आणावयाचा झाल्यास कोणत्या मार्गाने आणतात. त्यांच्याकडे ‘ओ-पेअर’ नावाची एक रूढ व्यवस्था आहे. हा शब्द फ्रेंच असून त्याचा आशय ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. परदेशी तरुणी (अलीकडे काही तरुणही) यजमान कुटुंबात घरच्यासारखी राहते, मुलांना सांभाळते, आणि त्या बदल्यात तिला राहणे, जेवण, हातखर्चाची रक्कम व त्या देशाची भाषा शिकण्याची संधी मिळते. ती मोलकरीण नव्हे आणि पाहुणीही नव्हे. या दोहोंमधील तिची जागा कायद्याने आखून दिलेली आहे. युरोप परिषदेच्या पुढाकाराने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे झालेल्या कराराने तिचे वय, कामाचे तास व सुट्टी यांची चौकट घातली. अमेरिकेने ही योजना १९८६ साली सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली सुरू केली. तेथील नियमांनुसार ओ-पेअरचे वय १८ ते २६ वर्षे असावे लागते, तिने दिवसाला दहा तासांपेक्षा व आठवड्याला ४५ तासांपेक्षा अधिक काम करावयाचे नसते, आणि तिला आठवड्यास किमान १९५.७५ डॉलर द्यावे लागतात. हा आकडा तेथील किमान वेतनावर बेतलेला असून त्याचा पाया २००९ सालचा आहे. ब्रिटनने ओ-पेअरसाठी असलेला स्वतंत्र व्हिसा २००८ साली बंद केला, आणि नॉर्वेने २०२४ साली आपली योजना गुंडाळली. स्वस्त मजुरीला देवाणघेवाणीचे नाव दिले जाते, हा आक्षेप या व्यवस्थेवर दीर्घकाळ घेतला गेला असून तो सर्वस्वी अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही.

मग परदेशस्थ मराठी कुटुंब आपल्याच गावाकडची एखादी मुलगी ओ-पेअर म्हणून का बोलावीत नाही? बारावी झालेली भाची किंवा शेजारच्या घरची होतकरू मुलगी. तिलाही जग दिसेल, लेकीलाही मदत होईल. विचार नैसर्गिक आहे. परंतु नियम त्याच्या आड येतात. जर्मनीत ओ-पेअर ही यजमानांची नातेवाईक असून चालत नाही. इतकेच नव्हे, तर यजमान पतिपत्नी ज्या देशातून आलेले असतील त्याच देशातील तरुणीला त्यांच्या घरी ओ-पेअर म्हणून राहू दिले जात नाही. योजनेचा हेतू जर्मन भाषा व जीवनपद्धती यांचा परिचय हा असल्यामुळे, ज्या घरात मराठी बोलली जाते त्या घरात मराठी मुलीने येऊन काय शिकावयाचे, असा हा युक्तिवाद आहे. महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी २०२४ साली करार केला, त्यामुळे स्टुटगार्टच्या परिसरात मराठी कुटुंबे वाढण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्या पाळण्यापाशी उमरीची मुलगी ओ-पेअर म्हणून बसू शकणार नाही. अमेरिकेत अडचण दुसरी आहे. तेथील नियमानुसार बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत, घरात आईबापांपैकी कोणी अथवा दुसरी जबाबदार प्रौढ व्यक्ती हजर असल्याखेरीज, ओ-पेअरकडे ते सोपविता येत नाही; आणि दोन वर्षांखालील मुलासाठी तिच्याजवळ तान्ह्या बाळांच्या संगोपनाचा किमान २०० तासांचा अनुभव नोंदलेला असावा लागतो. म्हणजे ज्या सव्वा महिन्यात बाळंतिणीला स्वतःलाच माणूस हवे असते, त्या काळासाठी ही व्यवस्था निर्माणच झालेली नाही.

गावाकडून पगारी बाई नेण्याचा मार्गही अरुंद आहे. तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत काम करणाऱ्यास घरकामगार सोबत नेता येतो. पण तो सामान्यतः किमान वर्षभर आधीपासून त्याच्याकडे कामास असावा लागतो, लेखी करार करावा लागतो, आणि वेतन अमेरिकेतील दराने द्यावे लागते. या वेतनाच्या नोंदीत खोट निघाल्यास प्रकरण कोठवर जाते, हे २०१३ साली न्यूयॉर्क येथे एका भारतीय वाणिज्य अधिकाऱ्यास झालेल्या अटकेने सर्वांस दाखवून दिले.

उरते ती आजी. तिला वेतन द्यावयाचे नाही, ती घरची आहे, आणि तान्ह्या बाळाचा तिचा अनुभव २०० तासांत मोजण्यासारखा नाही. अमेरिकेत तिला पर्यटक व्हिसावर जावे लागते. भारतीयांना हा व्हिसा मिळाला तर बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण प्रत्येक खेपेस मुक्काम सामान्यतः सहा महिन्यांचा असतो. यातूनच परदेशस्थ घरांत एक पाळी रूढ झाली आहे : पहिले सहा महिने मुलीची आई, पुढचे सहा महिने मुलाची आई. या पाळीमागे हौसेपेक्षा हिशेब अधिक आहे. भारतात २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. अमेरिकेत १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची आणि तीही बिनपगारी, शिवाय पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत वर्षभर काम केलेले असेल तरच. पाळणाघराचा खर्च तेथे पुष्कळ. तेव्हा आजीचे वर्ष म्हणजे सुनेची अथवा लेकीची नोकरी टिकण्याचे वर्ष असते. आजीचा व्हिसा नाकारला गेला म्हणजे नुसती भेट हुकत नाही.

आता नकाराचे स्वरूप पाहू. अमेरिकेचा परदेशी-प्रवेशविषयक मूळ कायदा १९५२ सालचा आहे. त्यातील २१४(ब) या पोटकलमाचा आशय असा की, तात्पुरत्या प्रवेशासाठी अर्ज करणारा प्रत्येक परदेशी मनुष्य कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे असे गृहीत धरावे, आणि तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याची खात्री पटेल अशा रीतीने दाखवावे. आपल्याकडील न्यायालयात आरोपीला निर्दोष गृहीत धरतात. येथे गृहीतक अर्जदाराच्या विरुद्ध असते. या नकारावर अपील नाही, आणि अमेरिकेतील न्यायालयेही अशा निर्णयात सहसा हात घालीत नाहीत. अर्जदाराच्या हाती एक छापील पत्रक पडते. त्यात तिच्या घरादाराविषयी काही लिहिलेले नसते. नव्याने अर्ज करण्यास कोणाची आडकाठी नाही, मात्र शुल्क पुन्हा भरावे लागते (२०२३ पासून ते १८५ डॉलर आहे), आणि पूर्वी नकार मिळाला होता काय, या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे लागते.

हे पोटकलम ओ-पेअरलाही लागू आहे. तरुण, अविवाहित, नोकरी नसलेली मुलगी परत येईल हे कशावरून, हा प्रश्न तिला विचारला जातोच, आणि त्या कारणाने पुष्कळ मुलींचे अर्ज फेटाळले जातात. परंतु यजमान कुटुंबाचा प्रतिसाद तेथे सरळ असतो : मध्यस्थ संस्था दुसऱ्या मुलीचे नाव सुचविते, बहुधा अशा देशातील की जेथील अर्ज कमी फेटाळले जातात. २०२० च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने ओ-पेअरांचा नवा प्रवेश वर्षअखेरपर्यंत थांबला आणि ही मुदत पुढे २०२१ च्या मार्चपर्यंत वाढली, तेव्हा मात्र यजमान कुटुंबे उघडपणे पुढे आली. आणि आजारी किंवा विशेष गरजा असलेल्या बालकांची घरे, तसेच साथीच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांची घरे यांच्यासाठी अपवाद केले गेले. संघटित यजमान आणि त्यांच्यामागे व्यवसाय करणाऱ्या संस्था यांचे बळ त्यांना होते. उमरीच्या आजीमागे असे कोणी नाही. शिवाय ओ-पेअर बदलता येते, आई बदलता येत नाही.

नकार का मिळतो, याचा उलगडा गावाकडील कुटुंबे बहुधा कागदांत शोधतात. सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, बँकेचे पासबुक, मुलाचे पगारपत्रक, सरपंचाचा दाखला अशी जाडजूड संचिका घेऊन मंडळी मुंबईस जातात. (उमरीहून हैदराबाद कितीतरी जवळ, तेथे २००८ साली अमेरिकन वकिलात उघडल्यावर काहींनी ती वाट धरली.) प्रत्यक्षात मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपते आणि संचिका पुष्कळदा उघडलीही जात नाही. उघडली, तरी तिच्यातून काय वाचावयाचे? सातबारावर आजीचे नाव असतेच असे नाही. जमीन पतीच्या किंवा मुलाच्या नावे असते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन बायकोचे नाव उताऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला होता, ज्या घरांनी तो मानला त्यांना त्याचा असाही उपयोग होईल हे तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे. पण मुळात कागद हा दुय्यम पुरावा आहे. अधिकारी निर्णय करतो तो मुख्यतः बोलण्यावरून, आणि माझ्या मते आमच्या भागातील आजीचा घात होतो तो येथेच.

मुंबईच्या वकिलातीत मराठीतून बोलता येते, ही सोय मोठी आहे. तथापि मराठी हीही एकच भाषा नाही. “कशासाठी जाता?” असे विचारले की ओठांवर सहज येणारे उत्तर असते, “लेकीचं बाळंतपण करायला.” आपल्या भाषेत बाळंतपण ‘करतात’, त्या क्रियापदात माया, कर्तव्य आणि अधिकार सारे सामावलेले आहे. तेच वाक्य शब्दशः इंग्रजीत गेले की एका अप्रशिक्षित बाईचे ‘काम करण्यासाठी’ जाणे होते. “किती दिवस राहणार?” या प्रश्नाला “लेक म्हणंल तवर” असे म्हणणे हा मराठवाडी शिष्टाचार आहे, पाहुण्याने स्वतःचा मुक्काम स्वतः ठरवू नये, हा त्यातील भाव. ऐकणाऱ्यास मात्र ती मुदतीवाचून राहण्याची कबुली वाटते. “इकडे घरी कोण असतं?” असे विचारल्यावर आपली माणसे आपल्या भरल्या घराविषयीही “कोण असणार, पोरं सगळी बाहेरच” असे उसासून बोलतात; दृष्ट लागू नये म्हणून असो किंवा सवयीने असो. परत येण्याचे जे सर्वांत बलवत्तर कारण, म्हणजे मागे राहिलेला नवरा, दुसऱ्या मुलाचा संसार, दावणीची जनावरे, सोयाबीनची काढणी, ते सांगावयाचे राहूनच जाते. ती खोटे बोलत नाही. तिच्या खऱ्या बोलण्याचा अर्थ खिडकीपलीकडे बदलतो.

बालसंगोपन हे काम समजावे की भेट, याविषयी देशोदेशीचे कायदे एकसारखे स्पष्ट नाहीत. ब्रिटनच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या मार्गदर्शनात हे नीट सांगितले आहे की, अल्पकाळासाठी आलेल्या नातेवाइकाने घरातील मूल सांभाळण्यास हरकत नाही, मात्र त्यास नोकरीचे रूप येता कामा नये. अमेरिकेत नातवंडाला भेटणे हा निर्विवाद वैध हेतू आहे. पण मूल सांभाळणे हाच प्रवासाचा मुख्य हेतू म्हणून सांगितला, तर त्याचा अर्थ अधिकाऱ्याच्या मतावर राहतो. म्हणून भेटीचा हेतू, मुक्कामाची मुदत आणि परतीचे कारण ही तीन उत्तरे आजीने स्वतःच्या शब्दांत, खरी आणि थोडक्यात, आधीच मनाशी जुळवून ठेवणे हे संचिकेपेक्षा अधिक मोलाचे. पाठ केलेली उत्तरे येथे अभिप्रेत नाहीत; ती लगेच ओळखू येतात.

नकारानंतर यजमान घर जे करते त्यात पहिली गोष्ट म्हणजे पुन्हा अर्ज. काही बदललेले नसताना महिन्याभरात केलेला दुसरा अर्ज बहुधा पहिल्याच्याच वाटेने जातो. दुसरी गोष्ट म्हणजे माणूस बदलणे : आईला नकार मिळाला की सासूचा अर्ज, सासूला मिळाला की सासऱ्यांसह जोडीने. जोडीने जावे की एकाने मागे राहावे, याविषयी गावोगाव ठाम मते ऐकू येतात. त्यांपैकी एकही मत नियमात लिहिलेले नाही. या अदलाबदलीत एक दुखणे दडलेले असते. ज्या विहिणीला व्हिसा मिळाला तिचा मान वाढतो आणि जिला मिळाला नाही ती आपण कोठे कमी पडलो म्हणून मनाशी कुढते; वास्तविक नकार म्हणजे एका गृहीतकाचे खंडन न होणे, याहून अधिक काही नाही. तिसरी वाट देवाची. हैदराबादजवळील चिलकूरच्या बालाजीला ‘व्हिसा बालाजी’ असेच नाव पडले असून, नवस बोलताना अकरा व फळल्यावर एकशे आठ प्रदक्षिणा घालण्याची तेथे प्रथा आहे. आमच्या भागातून तेथे जाणे सोपे आहे, आणि त्यात कोणाचे नुकसान नाही.

नुकसान आहे ते चौथ्या वाटेत. काही मध्यस्थ खात्यात चार दिवसांसाठी रक्कम भरून देतात, दुसऱ्याच्या जमिनीचे उतारे जोडतात, नोकरीचे दाखले तयार करतात. २१४(ब) खालील नकार कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, की तो पुढच्या अर्जात ओलांडता येतो. परंतु महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनासाठी त्याच कायद्यात निराळे कलम आहे, आणि त्याखालील मनाई जन्मभराची असते. विशेष सूट मिळाली तरच ती शिथिल होते. म्हणजे ज्या आजीला कदाचित दुसऱ्या नातवाच्या वेळी जाता आले असते, तिची वाट मध्यस्थाच्या एका कागदाने कायमची बंद होते. आणि अर्जावर अंगठा किंवा सही तिची असते, मध्यस्थाची नव्हे. ही बाब उमरी-धर्माबादकडील कुटुंबांना कोणी स्पष्ट सांगितलेली दिसत नाही, म्हणून येथे ती मुद्दाम नोंदवीत आहे.

इतर देशांनी हाच प्रश्न कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. कॅनडाने २०११ च्या डिसेंबरात आईवडील व आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. २०२२ च्या जुलैपासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. तेथे मुख्य भर मुलाच्या मिळकतीवर आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरच्या आरोग्यविम्यावर आहे. ऑस्ट्रेलियाने २०१९ साली तीन व पाच वर्षांचा पालक-व्हिसा काढला, पण आरंभी त्याचे शुल्क अनुक्रमे पाच व दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठेवले. ही रक्कम ऐकूनच पुष्कळांनी बेत सोडला असेल. जर्मनीत पाहुण्याला १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि यजमान खर्चाची लेखी हमी देतो. नकारावर तेथील वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज अथवा बर्लिनच्या न्यायालयात दावा, एवढेच उरले. १ मार्च २०२४ नंतर प्रथमच निवासपरवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आईवडिलांना कायम बोलाविता येते, मात्र वृद्धांचा आरोग्यविमा मिळविणे हा तेथे मोठा अडसर आहे. या सर्वांत कॅनडाची रीत मला अधिक न्याय्य वाटते. ती वृद्ध पाहुण्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यावर सारे सोपवीत नाही. जो बोलावतो त्याची ऐपत आधी तपासते. अर्थात ती सवलत तेथील नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरती आहे. नुकताच कामाच्या परवान्यावर गेलेला उमरीचा मुलगा तिच्यात बसत नाही.

सर्व वाटा संपल्या म्हणजे भार कोणावर येतो, हे सांगावयास नको. बहुतेक घरांत लेक अथवा सून नोकरी सोडते. अमेरिकेत पतीच्या व्हिसावर गेलेल्या काही स्त्रियांना २०१५ च्या मे महिन्यापासून नोकरीची परवानगी मिळाली; कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हाती आलेली ती नोकरी पहिल्या बाळंतपणात सुटते. इकडे आजी डिंक, अळीव, बाळंतशेपा यांची पुडकी बांधून कोणा जाणाऱ्याबरोबर पाठविते आणि फोनवर चित्र पाहत पाहत मालिश कशी करावी ते सांगते. तेथील पहाट ही येथली संध्याकाळ, त्यामुळे गोठ्यातील धारेची वेळ आणि बाळाच्या आंघोळीची वेळ एकच येते.

काही घरे उलट करतात : बाळ पाच-सहा महिन्यांचे झाले, की त्यालाच गावी आणून आजीजवळ ठेवतात आणि वर्ष-दीड वर्षाने परत नेतात. अमेरिकेत जन्मलेल्या त्या बालकास उमरीस येण्यासाठी भारताचा व्हिसा अथवा परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड लागते. त्यासाठी आईबापांची संमती, जन्मदाखला आणि त्या तान्ह्याचे पारपत्र जोडावे लागते. पारपत्रासाठी डोळे उघडे असलेले छायाचित्र काढताना निम्मा दिवस जातो, असे आईबाप सांगतात. अर्ज सहसा मंजूर होतो. मग बाळ बापाबरोबर हैदराबादच्या विमानतळावर उतरते, आणि तेथून उमरीपर्यंतचा प्रवास काही तासांचाच असतो.